लेखीत किती मार्क पाहिजेत? विचारायच्या आधी एवढं वाचा

आपल्या सेंटरवर परीक्षेचा फॉर्म भरला, पावती हातात पडली, की पुढचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, पंच्याहत्तर टक्के पाडायचे तर लेखीत किती लागतील?" हिशेब दोन मिनिटांचा आहे. पण 'इंटरनलला नव्वद टक्के आहेत' एवढंच सांगता. कितीपैकी ते माहीत नसतं. मग कॉलेजात फोन, मैत्रिणीला फोन, अन् मागं झेरॉक्सवाल्यांची रांग. म्हणून हा कागद छापला.

चूक एकच, पण सगळेच करतात. लेखी ८०, अंतर्गत २०. अंतर्गतला १८ मिळाले, म्हणजे ९० टक्के. पोट्टे म्हणतात, ९० आणि ६० ची सरासरी ७५, म्हणजे लेखीत ६० टक्के पुरे. राजेहो, ८० चे ६० टक्के म्हणजे ४८. त्यात १८ मिळवा. झाले ६६! पंच्याहत्तर कुठं आहेत?

घरी वडिलांना विचारा, ते चटकन सांगतील. १६ क्विंटल कापूस ७,००० नं गेला आणि ४ क्विंटल फरदड (हंगामाच्या शेवटी निघणारा हलका कापूस) ६,००० नं, तर सरासरी भाव ६,५०० म्हणाल का? १ लाख १२ हजार अधिक २४ हजार, भागिले २०. भाव ६,८०० पडला. जो माल जास्त, त्याचा भाव जास्त ओढतो. लेखीचे ८० मार्क म्हणजे तो १६ क्विंटल.

तेव्हा टक्के बाजूला ठेवा, मार्क धरा. पाहिजेत ७५, हातात १८, राहिले ५७. म्हणजे ८० पैकी ५७, टक्क्यांत ७१.२५. बारावीच्या भौतिकशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक वगैरे धरून ३०. त्यात २८ असतील, तर लेखीत ७० पैकी ४७ लागतात.

कधी उत्तरच निघत नाही. एक जण ९० टक्के मागत होता, अंतर्गत ९. लेखीत ८० पैकी ८१ लागतात म्हटलं, तर सोबतचे वडील म्हणाले, "एक मार्क वरून देत नाहीत का?"

सेमिस्टरवाल्यांचं थोडं वेगळं. तिथं क्रेडिट हेच वजन. समजा सेमिस्टर २० क्रेडिटचं आणि एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) ८ पाहिजे: २० गुणिले ८, एकूण १६० पॉइंट लागले. प्रात्यक्षिकाच्या ६ क्रेडिटला ९ पॉइंट मिळाले, ६ गुणिले ९, ५४ झाले. राहिले १०६, तेही १४ क्रेडिटमध्ये. पेपर ४, ४, ४ आणि २ क्रेडिटचे असतील, तर चारच्या दोन पेपरांत ८ पॉइंट आणि उरलेल्या दोघांत ७ पुरतात. छोट्या २ क्रेडिटच्या पेपरासाठी रात्र जागून मोठा पेपर सोडून देऊ नका, तिथंच गाडी फसते. किती मार्कांना कोणता ग्रेड, आणि लेखीत वेगळं पास व्हावं लागतं का, हे विद्यापीठ अन् अभ्यासक्रमाप्रमाणे बदलतं. त्याचा नियमाचा कागद सोबत आणा.

तोंडी सांगितलेल्या मार्कांवर आम्ही हिशेब करत नाही, यावरून काही जण रुसतात. मागे एकाला ऐकीव १७ वर आकडा काढून दिला. निघाले ७. बोल मात्र आम्हाला लागला. नोटीस बोर्डाचा फोटो चालेल, पण 'कितीपैकी' ते दिसलं पाहिजे.

एका विषयाचा हिशेब फुकट. सगळ्या विषयांचा तक्ता छापून पाहिजे असेल तर १० रुपये, अन् परीक्षेचा फॉर्म आपल्याकडेच भरला असेल तर तेही नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच बांधून ठेवले आहेत, आकडा कळल्यावर त्यांची गरज पडतेच. बाजाराच्या दिवशी मात्र हिशेबाला येऊ नका. त्या दिवशी सातबारा अन् पीकविम्याची गर्दी असते, लाइटही दुपारी जाते. सकाळी शाळा भरायच्या आधी या.