डब्यावरचं नाव सोडा, नंबर बघा

माझा भाचा छपाईच्या युनिटमध्ये कामाला आहे, मशीनचे रोलर पुसून साफ ठेवायचं काम त्याच्याकडे. एक दिवस त्याचा एका पत्र्याच्या कॅनचा फोटो आला आणि खाली मेसेज, "मामा, हे रोज वापरतो. दोन महिने झाले पायाची बोटं बधिर वाटतायत, ह्याचा काही संबंध असेल का?" कॅनवर मोठ्ठं ब्रँडचं नाव, 'झटपट सुकणारा क्लीनर' असं काहीतरी, आणि खाली कोपऱ्यात लाल चौकटीत दोन बारकी चित्रं, एक ज्वाळेचं आणि एक छातीवर तारा फुटल्यासारख्या माणसाचं.

त्याला आधी सांगितलं की डॉक्टरकडे जा, आणि जाशील तेव्हा तू काय काम करतोस आणि हाताने काय वापरतोस ते स्वतःहून सांग, कारण हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. इटलीतला बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा डॉक्टर १७०० सालीच लिहून गेलाय की पेशंटला बाकी सगळं विचारताना 'धंदा काय करतोस' हेही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली, अजून आपणच आठवण करून द्यावी लागते. (आणि एक सांगून ठेवतो, कुणाला आत्ता चक्कर येतेय, श्वास लागतोय, डोळ्यात काही उडालंय, तर सर्च करत बसू नका. आधी मोकळ्या हवेत, डोळ्यात गेलं असेल तर भरपूर पाणी, आणि इमर्जन्सीला फोन. बाकीचं वाचन नंतर.)

मग मी बसलो शोधायला. पहिली चूक मीच केली, ब्रँडचं नाव टाकून सर्च मारला. काय मिळणार? विकणाऱ्यांची पानं, पाच स्टार, 'एकदम मस्त निघतो डाग'. ब्रँडचं नाव हे विकण्यासाठी असतं, त्यात आत काय आहे ते कळावं असा हेतूच नसतो, आणि तेच नाव ठेवून आतला माल बदलला तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

शोधायचं असतं ते त्या मालाचं एसडीएस, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, त्या मालाच्या धोक्यांचं माहितीपत्रक. जुने लोक एमएसडीएस म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये केमिकलच्या लेबलांची एक जागतिक पद्धत छापली, त्यानुसार ह्या शीटमध्ये १६ भाग असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे एकदा सवय झाली की कुठल्याही कंपनीची शीट दोन मिनिटांत चाळता येते. सोळाच्या सोळा भाग वाचायची गरज नाही. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात आत काय आहे, आठव्यात हवेत किती चालेल आणि अंगावर काय घालायचं, अकराव्यात शरीरावर परिणाम, आणि अगदी शेवटी तारीख बघायची, दहा वर्षांपूर्वीची असेल तर नवीन मागायची. माझं मत विचाराल तर आठवा भाग सगळ्यात आळशीपणाने लिहिलेला असतो. 'योग्य हातमोजे वापरा.' अरे पण योग्य म्हणजे कुठले? लॅटेक्सचे पातळ हातमोजे अशा द्रावणात फारसे टिकत नाहीत, आणि तोंडाला लावायचा धुळीचा मास्क वाफ अजिबात अडवत नाही, त्याला सेंद्रिय द्रावणांची वाफ अडवणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हे तिथे लिहायला काय हरकत होती.

तर भाच्याच्या शीटमध्ये तिसऱ्या भागात काय होतं, 'हलका हायड्रोकार्बन नॅफ्था' आणि पुढे एक नंबर, ६४७४२-४९-०. बस. हा सीएएस नंबर. जगातल्या जवळपास प्रत्येक केमिकलला असा एक नंबर दिलेला आहे, आणि नाव शंभर असली तरी नंबर एकच, म्हणून शोधाची खरी सुरुवात इथून करायची. (सर्च करताना इंग्रजी आकड्यांत टाका, नाहीतर काही सापडणार नाही.) ह्या नंबरात एक छान गंमत आहे, शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो. तो सोडून बाकीचे आकडे उजवीकडून घ्यायचे, पहिल्याला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, सगळ्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तोच यायला पाहिजे. वरच्या नंबराचं करून बघा, बेरीज १४० येते, शेवटी शून्य, जुळलं. फोटोतून नंबर उतरवताना एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा लगेच पकडला जातो.

पण आता खरी मेख. हा नंबर एका पदार्थाचा नाहीच, पेट्रोलियममधून काढलेल्या एका अख्ख्या मिश्रणाचा आहे. त्या मिश्रणात एन-हेक्सेन नावाचा पदार्थ बऱ्यापैकी असू शकतो, त्याचा स्वतःचा नंबर ११०-५४-३, आणि तो शीटमध्ये कुठेच नव्हता. म्हणून भाच्याला सांगितलं, सुपरवायझरकडून पुरवठादाराला एकच ओळीचा प्रश्न पाठव, 'ह्यात ११०-५४-३ किती टक्के आहे?' असा नंबर घालून विचारलं की 'काळजीचं कारण नाही' असं गोल उत्तर देणं जरा अवघड जातं. चार दिवसांनी उत्तर आलं, ३० ते ५० टक्के.

आता एन-हेक्सेनबद्दल थोडं निवांत सांगतो, कारण पायाच्या बोटांचा आणि ह्याचा संबंध फार विचित्र आहे. हेक्सेन स्वतः मज्जातंतूंचं फार काही बिघडवत नाही. आपलं लिव्हर त्याचा निचरा करायला जातं आणि करता करता त्याचं २,५-हेक्सेनडायोन बनवतं, आणि हे जे बनतं ते मज्जातंतूच्या आतल्या लांब लांब प्रथिनांच्या धाग्यांना चिकटून त्यांचा गुंता करतं. धागे अडकले की तंतू जागोजागी फुगतो आणि टोकापर्यंत माल पोचत नाही. सगळ्यात लांब तंतू कुठले, पाठीपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे, म्हणून सुरुवात तिथून, मग हाताची बोटं, अगदी मोजे आणि हातमोजे घातल्यासारखी बधिरता. आणि वाईट म्हणजे काम थांबवलं तरी पुढचे काही आठवडे, कधी महिने, लक्षणं वाढतच राहू शकतात आणि मग हळूहळू उतरतात. हे माहीत नसेल तर माणूस म्हणतो, काम सोडलं तरी वाढतंय म्हणजे कारण दुसरंच काहीतरी. बरं ह्याच्याच भावंडांना, म्हणजे तेच अणू पण फांद्या वेगळ्या असलेल्या हेक्सेनना, हा गुण ह्या प्रमाणात नाही. म्हणून नुसतं 'हेक्सेन' शोधून चालत नाही. आणि त्याच क्लीनरमध्ये एमईके नावाचं दुसरं द्रावण असेल तर ते एकटं असताना असं काही करत नाही पण हेक्सेनचा त्रास मात्र वाढवतं, हे एका पदार्थाच्या पानावर सहज निसटून जातं.

हे सगळं मला कुठे मिळालं? पहिलं, इंटरनॅशनल केमिकल सेफ्टी कार्ड्स. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून काढतात, एका पदार्थाला दोनेक पानं, साधी भाषा, फुकट. सुरुवात तिथून करा. मग अमेरिकेतल्या नायॉश ह्या संशोधन संस्थेचं पॉकेट गाइड, तेही फुकट. आणि तिथे गेल्यावर जे दिसतं त्याने माणूस चक्रावतो, कारण एन-हेक्सेनसाठी एकाच पानावर हवेतल्या वाफेच्या दोन मर्यादा लिहिल्यात, नायॉशची ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आणि ओशा ह्या तिथल्याच कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची ५०० पीपीएम. एकच देश, एकच पदार्थ, दहापट फरक!

खरं कोणतं? दोन्ही आपापल्या जागी खरं. नायॉश शिफारस करतं, ओशा कायदा लावतं. ओशाच्या बऱ्याच मर्यादा १९७१ मध्ये एका जुन्या यादीवरून उचललेल्या आहेत, ती यादी १९६८ ची. १९८९ मध्ये शेकडो मर्यादा एकदम बदलायचा प्रयत्न झाला, त्यात हेक्सेनची ५० वर आणली होती, पण १९९२ मध्ये कोर्टाने तो अख्खा नियमच रद्द केला आणि आकडे परत जुन्या जागी गेले. म्हणजे ५०० हा आकडा विज्ञानाने नव्याने तपासून ठेवलेला नाही, तो तिथे राहून गेलाय. तेव्हा शीटमध्ये 'मर्यादेच्या आत' असं वाचलं की लगेच विचारायचं, कुणाच्या मर्यादेच्या आणि कुठल्या सालच्या. वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी शेजारी बघायचे असतील तर जर्मनीचा गेस्टिस नावाचा डेटाबेस आहे, तिथे हे फार सोपं जातं.

त्याच पानावर तिसरा आकडा असतो, जिवाला तात्काळ धोका कितीला, एन-हेक्सेनला ११०० पीपीएम. वाटतं एवढ्या वाफेत माणूस विषाने मरतो. पण हवेत १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम वाफ झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि ११०० हा त्याचा बरोबर दहावा भाग. तो आकडा विषाचा नाही, आगीचा आहे. वाफ हवेच्या तिप्पट जड, खाली जमिनीवर साचते, त्यामुळे वर छताला एक्झॉस्ट फॅन लावून समाधान मानणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आकडा कुणासाठी आहे हेही बघावं लागतं. कामाच्या जागेची मर्यादा ही धडधाकट मोठ्या माणसासाठी, दिवसाचे आठ तास धरून. घरात तान्हं बाळ चोवीस तास असतं. फॉर्मल्डिहाइडचं बघा, ओशाची कामाच्या जागेची मर्यादा ०.७५ पीपीएम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची साधारण ०.०८. शेजारच्या वर्कशॉपचा वास तुमच्या खिडकीत येत असेल आणि कुणी तुम्हाला कामगारांची मर्यादा दाखवून गप्प करत असेल तर ते चुकीच्या फुटपट्टीने मोजतायत.

आणि कुठून आत जातंय तेही. डायअसेटिल हा बटरसारखा वास देणारा पदार्थ खाण्यात सुरक्षित धरला जातो, शोधलं तर आधी हेच सापडतं. पण २००० मध्ये अमेरिकेत मिसुरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं कायमची खराब झाल्याचं समोर आलं, कारण ते गरम वाफ रोज नाकातोंडातून घेत होते. 'फूड ग्रेड' हा शब्द पोटापुरता, छातीला लागू नाही.

कॅन्सरची भीती असेल तर फ्रान्समधल्या लिओं इथल्या आयार्क संस्थेच्या याद्या बघतात सगळे, बघा, पण एक लक्षात घ्या, पहिल्या गटात असणं म्हणजे कॅन्सर होऊ शकतो ह्याचा पुरावा पक्का, किती प्रमाणात किती होतो ते तो गट सांगत नाही. डिझेलचा धूर आणि प्रक्रिया केलेलं मांस दोन्ही त्याच गटात आहेत.

मूळ अभ्यास वाचायचे असतील तर पबमेड, वैद्यकीय लेख शोधायची साइट. सारांश तरी फुकट मिळतोच. तिथे पदार्थाचं नाव आणि सोबत लक्षण किंवा धंदा टाका, 'एन-हेक्सेन' आणि 'न्यूरोपथी' असं इंग्रजीत टाकल्याबरोबर चीनच्या सुझोऊमधलं प्रकरण, कॅलिफोर्नियातले ब्रेक क्लीनर मारणारे मेकॅनिक, अशी भाच्याची भावंडं समोर आली. सुझोऊमध्ये टचस्क्रीन पुसायला आधी अल्कोहोल वापरायचे, मग लवकर उडतं म्हणून हेक्सेन आणलं, १३७ कामगारांना त्रास झाला. लवकर उडतं म्हणजे लवकर हवेत जातं, एवढी साधी गोष्ट. पबमेडवर एकदोन पेशंटच्या गोष्टीपेक्षा आढावा घेणारे लेख आधी वाचा, नाहीतर प्रत्येक दुखण्याला काहीतरी सापडतंच आणि झोप उडते.

काम कसं बदलायचं ह्यासाठी मात्र पेपर वाचून उपयोग नाही, तिथे कामगार सुरक्षेच्या दोन संस्था, कॅनडाच्या सीसीओएचएसची प्रश्नोत्तरं आणि ब्रिटनच्या एचएसईची कामानुसार पत्रकं जास्त कामाची. जुन्या लिंक मेलेल्या सापडतील, टॉक्सनेट नावाचा मोठा डेटाबेस २०१९ च्या शेवटी बंद झाला, त्यातला घातक पदार्थांचा भाग आता पबकेम नावाच्या केमिकलच्या डेटाबेसमध्ये आहे, तिथेही नंबर टाकूनच शिरायचं.

भाच्याने सुपरवायझरला एका पानात सगळं लिहून दिलं, टक्का, दोन मर्यादा आणि त्या का वेगळ्या, वाफ खाली साचते, डॉक्टरची चिठ्ठी. नर्व्ह टेस्टमध्ये थोडा दोष निघाला होता. दोनदा 'बघू' ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा क्लीनर बदलला. मध्ये दीड महिना बोटं आणखी बधिर झाली, तो घाबरला, मी त्याला ते आठवडे-महिन्यांचं परत वाचायला लावलं. नवीन कॅन आला त्या दिवशी मेसेज आला, ह्यावेळी कॅनचा फोटो नव्हता, शीटचा तिसरा भाग होता आणि खाली,

"मामा, ६७-६३-०. अल्कोहोलच निघालं. बेरीज ६० येते, जुळतंय. आग धरतं मात्र, पुसलेले बोळे झाकणाच्या डब्यात टाकायला सांगितलेत."