नळाला गरम पाणी नाही? आधी रेडिएटरला हात लावा

कॉम्बी बॉयलर (खोल्याही तापवणारं आणि नळाला गरम पाणीही देणारं गॅसवरचं यंत्र) असलेल्या घरात नळाला गरम पाणी येईनासं झालं, की बहुतेकांचा हात रीसेटच्या बटणाकडे जातो. त्याआधी एक करावं. हीटिंग चालू करावं आणि रेडिएटर (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे भिंतीवरचे पॅनेल) तापतात का ते पाहावं. तापत असतील तर गॅस येतोय, ठिणगी पडतेय, ज्योत टिकतेय, पंपही फिरतोय. म्हणजे ही सगळी मंडळी निर्दोष सुटली आणि बिघाड फक्त नळाच्या वाटेवर शोधायचा राहिला. रेडिएटरही गारच राहिले तर मात्र मुळापासून तपास करावा लागतो.

एवढ्याशा तपासणीतून इतकं कळतं, ते या यंत्राच्या रचनेमुळे. कॉम्बी बॉयलरमध्ये गरम पाणी साठवायची टाकी नसते. त्यात दोन वेगळी पाणी असतात. एक बंदिस्त, तेच ते पाणी बर्नरपाशी तापतं, रेडिएटरमधून फिरतं आणि परत येतं. दुसरं बाहेरच्या जलवाहिनीतून येतं आणि नळातून निघून जातं. ही दोन पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत, त्यांच्यात फक्त उष्णतेची देवघेव होते.

नळ उघडला की आत ठरलेल्या क्रमाने घटना घडतात. येणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर एक छोटं चक्र असतं. पाण्याच्या जोराने ते फिरतं, त्यावरच्या चुंबकामुळे शेजारच्या सेन्सरमध्ये विद्युत स्पंदनं उमटतात आणि सर्किट बोर्डाला कळतं की कुणीतरी गरम पाणी मागितलंय. मग तापलेल्या पाण्याची वाट बदलणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह फिरतो, पंखा सुरू होतो, ठिणगी पडते, बर्नर पेटतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. शांतपणे बॉयलरजवळ उभं राहून, दुसऱ्या कुणाला तरी नळ उघडायला सांगून हा क्रम कुठे तुटतो ते ऐकावं. माझ्या मते घरच्या माणसाला करता येण्याजोगी याहून चांगली परीक्षा नाही.

नळ पूर्ण उघडूनही बॉयलर ढिम्म असेल, ना टिक् ना पंख्याचा आवाज, तर मागणी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. चक्रात वाळूचा कण किंवा क्षार अडकला असेल, नाहीतर पाण्याचा प्रवाहच कमी असेल. साधारणपणे मिनिटाला दोन-अडीच लिटरपेक्षा कमी पाणी वाहिलं, तर बॉयलर पेटतच नाही. शॉवरची भोकं किंवा नळाच्या तोंडाची जाळी तुंबली असली, तरी हेच होतं आणि दोष बिचाऱ्या बॉयलरला लागतो. म्हणून तपासणी एकाच नळावर करू नये.

इथे थोडं गणित पाहू, कारण हिवाळ्यातल्या बऱ्याच तक्रारींचं उत्तर त्यात आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर सुमारे २४.५ किलोवॅट शक्ती हवी. विजेची किटली दोन ते तीन किलोवॅटची असते, यावरून अंदाज यावा. आता बाहेरून येणारं पाणी १५ अंशांचं असेल तर नळाला ५० अंशांचं मिळेल. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी ५ अंशांचं असेल तर ४०चंच मिळेल. यात काहीही बिघडलेलं नाही. नळ थोडा बारीक करावा, पाणी अधिक तापेल. फक्त तो इतका बारीक करू नये की बर्नरच विझेल.

बॉयलर पेटतो, रेडिएटर उत्तम तापतात आणि तरी नळाला गारच पाणी, असं असेल तर पहिला संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर घ्यावा. रेल्वेचा सांधा गाडीला या किंवा त्या रुळावर घालतो, तसा हा व्हॉल्व्ह तापलेल्या पाण्याला रेडिएटरकडे किंवा नळाच्या हीट एक्स्चेंजरकडे, म्हणजे दोन पाण्यांत उष्णतेची देवघेव होते त्या भागाकडे, वळवतो. आतल्या गाळाने तो अडकतो किंवा त्याची मोटर जाते. तो रेडिएटरच्या बाजूला अडकला असेल, तर एक खूण हमखास दिसते. हीटिंग बंद असताना गरम पाण्याचा नळ उघडावा आणि पाच मिनिटांनी बॉयलरजवळचा रेडिएटर चाचपावा. तो कोमट लागला, तर नळासाठी तापवलेलं पाणी भलत्याच वाटेने चाललंय. अर्धवट अडकला असेल तर नळाला कोमट पाणी येत राहतं.

पाणी आधी चांगलं गरम येतं, मग गार होतं, पुन्हा गरम होतं, असा खेळ चालू असेल तर प्लेट हीट एक्स्चेंजरकडे पाहावं. स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक जोडून ही छोटी वीट बनवलेली असते. एकाआड एक फटींतून तापलेलं आणि थंड पाणी उलटसुलट दिशांनी वाहतं. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर पत्र्यावर बसतो. म्हणजे जिथून उष्णता जायची, नेमका तिथेच थर साचतो. दुसऱ्या अंगाला रेडिएटरच्या गंजातून आलेला काळा गाळ फटी बुजवतो. उष्णता पलीकडे जात नाही, बंदिस्त पाणी भराभर तापतं, सेन्सर धोका ओळखतो आणि बर्नर विझतो. पाणी निवलं की पुन्हा पेटतो. तापमान मोजणारा थर्मिस्टर बिघडला तरी बॉयलर असाच गोंधळतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि ती तपासणी तंत्रज्ञ मीटर लावून दोन मिनिटांत करतो.

आता रेडिएटरही गार असतील तेव्हा. आधी प्रेशर गेज पाहावा. यंत्रणा थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. तो ०.५च्या खाली गेला की अनेक बॉयलर स्वतःहून बंद पडतात. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे फिलिंग लूपने (बंदिस्त यंत्रणेत पाणी भरायच्या जोडनळीने) पाणी भरता येतं, पण दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. घरातली गॅसची शेगडी पेटते का, तेही पाहावं.

कडक थंडीत एक निराळंच कारण असतं. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. कंडेन्सिंग बॉयलर त्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतो, आणि ते किंचित आम्लधर्मी पाणी प्लास्टिकच्या नळीने बाहेर सोडतो. नळी घराबाहेरून जात असेल तर ती गोठते, पाणी मागे तुंबतं, आतून गुडगुड ऐकू येते आणि बॉयलर बंद पडतो. हाताशी येणाऱ्या उंचीवर नळी असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओतावं. उकळतं नको, नळी तडकेल. बर्फ सुटल्यावर रीसेट एकदा दाबावं. तरीही बंदच पडत असेल तर पडद्यावरचा एरर कोड लिहून घेऊन तंत्रज्ञाला बोलवावं.

पुढचं कव्हर मात्र आपण उघडू नये. पुष्कळ बॉयलरमध्ये तेच ज्वलनकक्षाची हवाबंद भिंत असतं, आणि ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. निळी ज्योत पिवळी दिसू लागली, भोवती काजळी धरली किंवा घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं, तर बॉयलर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्यांनी बाहेर पडून तातडीने मदत मागवावी.