हिमोग्लोबिन चांगलं, तरी पायांना मुंग्या: बी१२ आणि मज्जातंतूंची पार्श्वभूमी

हातापायांना मुंग्या येतात, तळपायांची आग होते, अंधारात चालताना पाऊल नेमकं कुठे पडतंय ते कळत नाही. तपासण्या होतात. हिमोग्लोबिन चांगलं निघतं, साखरही ठीक असते आणि 'ताण असेल' एवढं ऐकून माणूस घरी येतो. अशा त्रासामागे जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, हे वैद्यकाला चांगलं माहीत आहे. तरी ती शक्यता उशिरा का सुचते, याचं बरंचसं उत्तर मला इतिहासात दिसतं. बी१२ ची ओळख डॉक्टरांना रक्ताच्या आजारातून झाली आणि पुढे कितीतरी वर्षं नजर रक्तावरच खिळून राहिली.

जीवनसत्त्वांचा शोध मात्र मज्जातंतूंच्या आजारापासूनच सुरू झाला होता. बेरीबेरी म्हणजे बी१ या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. त्यात आधी पाय बधिर होत, मग त्यांतलं बळ जाई आणि पुष्कळदा हृदय बंद पडे. जपानी नौदलाच्या 'र्‍यूजो' जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जण बेरीबेरीने आजारी पडले, २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवलं आणि खलाशांचा फक्त आहार बदलला. या वेळी बेरीबेरीने कोणीही मेलं नाही. प्रथिनं वाढवल्यामुळे हा फरक पडला, असं ताकाकींना वाटलं. उपाय लागू पडला, पण कारण चुकलं होतं. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. तेही सुरुवातीला तांदळातलं विषच शोधत राहिले. आहारात काहीतरी 'असल्यामुळे' नव्हे तर 'नसल्यामुळे' आजार होतो, ही कल्पना १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ग्रेन्स यांनी मांडली. ज्या काळात प्रत्येक रोगामागे जंतू सापडत होते, त्या काळात अभावालाच कारण मानायला मोठं धाडस लागलं असणार.

बी१२ ची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८४९ मध्ये एका जीवघेण्या रक्तक्षयाचं वर्णन केलं. पुढे त्याला 'पर्निशियस अ‍ॅनिमिया' हे नाव मिळालं. अशा रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही बिघाड असतो, हे लिश्टहाइम यांनी १८८७ मध्ये दाखवलं. १९०० मध्ये रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी मज्जारज्जूच्या त्या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. शरीराचा कोणता भाग कुठे आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतू यात झिजतात. म्हणूनच डोळे मिटले की अशा माणसाचा तोल जातो.

१९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घातलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या गटांनी यकृतातून लाल स्फटिक वेगळे केले. तेच बी१२.

त्याआधीची मोजकी वर्षं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९४५ मध्ये फॉलिक अ‍ॅसिड हे दुसरं एक जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झालं आणि पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या रुग्णांना ते देताच त्यांचं रक्त झपाट्याने सुधारलं. औषध सापडलं असं वाटलं. पण काही महिन्यांत त्यांतल्या अनेकांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चाल अडखळू लागली, आधीचा मज्जातंतूंचा त्रास वाढला. रक्तपेशी तयार होताना बी१२ च्या अभावी जे काम अडतं, ते फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या मात्रेने चालून जातं. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणाचं तसं होत नाही. म्हणजे रक्ताचा अहवाल निर्दोष आणि आत मज्जारज्जूची झीज चालूच. ही माणसं उपचार घेत असतानाच अधू होत गेली, हे वाचताना आजही मन कळवळतं.

एवढा धडा मिळूनही 'रक्तक्षय नाही, म्हणजे बी१२ चा प्रश्न नाही' हा समज टिकून राहिला. त्याला मोठा धक्का बसला १९८८ मध्ये. लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकार्‍यांनी बी१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचा किंवा मनाचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता, ना त्यांच्या तांबड्या पेशी आकाराने वाढलेल्या होत्या. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसरभोळेपणा हे त्रास मात्र होते, आणि बी१२ दिल्यावर बहुतेकांना फरक पडला. मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड आणि होमोसिस्टीन या दोन पदार्थांची पातळी बी१२ कमी पडलं की वाढते. या मोजमापांचं महत्त्व तेव्हापासून वाढलं, कारण रक्तातलं बी१२ काठावर असताना पेशींना ते पुरतंय की नाही, हे त्यांवरून कळतं.

कमतरता नेहमी ताटातूनच येते असंही नाही. पोटात तयार होणार्‍या एका प्रथिनाशिवाय बी१२ नीट शोषलं जात नाही, हे विल्यम कॅसल यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं होतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनमुळे शोषण कमी होतं, हे १९७०च्या दशकात कळलं. दातांच्या उपचारात गुंगी आणण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू तर शरीरातलं बी१२ निकामीच करतो. १९७८ मध्ये त्याचे जे रुग्ण नोंदले गेले, त्यांत बहुतेक दंतवैद्यच होते. शिवाय यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे कारण घडतं एका वर्षी आणि मुंग्या सुरू होतात कितीतरी वर्षांनी. दोन्हींचा संबंध ना रुग्णाला जोडता येतो, ना घाईतल्या डॉक्टरला.

मुंग्या येणार्‍या प्रत्येकाला जीवनसत्त्वच कमी असतं असं मुळीच नाही. मधुमेह, दारू, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, दबलेली नस अशी कारणं पुष्कळ आहेत आणि काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक ठरतो. १९८३ मध्ये शॉमबर्ग यांनी अशा सात जणांची नोंद केली, जे बी६ रोज काही ग्रॅम, म्हणजे गरजेच्या हजारपटीहून जास्त घेत होते. त्यांचे हातपाय बधिर झाले होते, चालताना तोल जात होता. गोळ्या बंद केल्यावर ते हळूहळू सावरले. क्षयावरच्या आयसोनियाझिडमुळे होणारा मज्जातंतूंचा त्रास टाळण्यासाठी जे बी६ देतात, तेच हे जीवनसत्त्व.

म्हणून मुंग्यांवर आपल्या मनाने गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासणीला द्यावं. बी१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं की रक्तातला आकडा लगेच वर जातो आणि मूळची कमतरता होती की नाही, हे सांगणं अवघड होऊन बसतं. तपासणी झाली आणि कमतरता दिसली, तर मात्र उपचाराला एक दिवसही उशीर नको. काही महिन्यांचा बधिरपणा बर्‍याचदा पूर्ण जातो, वर्षानुवर्षं अंगात मुरलेला क्वचितच.