फरशीखालचा कापूस

मे महिन्यातली जळगावची दुपार. पंखा गरम हवाच ढवळत होता, घरातले सगळे लवंडले होते आणि हॉलमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. धावत जाऊन पाहिलं तर दिवाणासमोरच्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. खालचा सिमेंटचा थर जागच्या जागी होता. टाइलची पाठ मात्र इतकी स्वच्छ, की पुसून परत दुकानात नेऊन ठेवावी. मिस्त्री आला, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सिमेंटनं धरलंच नाही ना भो. ही टाइल पाणीच पीत नाही, तर धरेल काय?"

त्याचं बरोबर होतं. उरलेली एखादी टाइल घरी असेल तर उलटी ठेवा आणि पाठीवर पाण्याचा थेंब सोडा. बाथरूमच्या भिंतीची साधी सिरॅमिक टाइल तो थेंब बघता बघता शोषून घेते. भिंतीच्या टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतात. मोरबीहून येणाऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर मात्र तोच थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहतो, कारण तिचं पाणी पिणं अर्ध्या टक्क्याच्या आत असतं.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं आणि त्यातून सूक्ष्म स्फटिक नि जेल तयार होतात. सच्छिद्र टाइलच्या पोटात सिमेंटचं पाणी शिरतं, तिथेच हे स्फटिक वाढतात आणि झाडाची मुळं दगडाच्या फटीत रुतावीत तसे अडकून बसतात. व्हिट्रिफाइडच्या पाठीला छिद्रंच नसल्यामुळे मुळं रुजायला जागा मिळत नाही. वर तिची पाठ बऱ्याचदा पांढऱ्या भुकटीने माखलेली असते. भट्टीतल्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून ती लावतात. ओल्या फडक्याने ती पुसायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण पुसतं कोण?

म्हणून अशा टाइलला साध्या सिमेंटऐवजी टाइल अॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार माल लागतो. त्याची गोणी म्हणजे मुख्यतः सिमेंट आणि बारीक वाळूच. दुकानदार कितीही परदेशी नाव सांगो. खरी करामत त्यातल्या दोन चिमटीभर पदार्थांची असते.

पहिला पदार्थ आपल्या खानदेशाच्या ओळखीचा. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड तंतूंची लव उरते. या लवेतल्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया केली की सेल्युलोज ईथर मिळतं. किलोभर पावडरीत ते जेमतेम तीन-चार ग्रॅम असतं, पण पाण्याला धरून ठेवतं. खालचा कोरडा कोबा पाणी ओढत असतो, वरून ऊन ओढत असतं आणि सिमेंटला तर पाणी हवंच असतं. या ओढाताणीत पाणी सिमेंटच्याच वाट्याला ठेवण्याचं काम हे ईथर करतं. (कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही याच घराण्यातला पदार्थ असतो.)

दुसरा पदार्थ म्हणजे पॉलिमरची भुकटी, सुताराच्या पांढऱ्या गोंदाची चुलत बहीण. पाण्यात ती पुन्हा विरघळल्यासारखी पसरते आणि माल सुकताना तिचा चिवट पापुद्रा होतो. छिद्र नसलेल्या पाठीला चिकटतो तो हाच पापुद्रा. मग सिमेंटमध्ये सुताराचाच गोंद का ओतू नये? हा सल्ला मलाही मिळाला होता. तो गोंद ओल आली की पुन्हा मऊ पडतो. न्हाणीघरात तर हा उद्योग करूच नका.

गोणी घेताना नावापेक्षा टाइप बघा. भारतीय मानक १५४७७ मध्ये टाइप १ ते ५ आहेत. घरातल्या साध्या सिरॅमिकला टाइप १ पुरतं, व्हिट्रिफाइडला किमान टाइप २ लागतं. दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल्स किंवा दगड असेल तर टाइप ३ किंवा त्यावरचं. काही गोण्यांवर युरोपीय खुणाही असतात. सी१ म्हणजे चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन पकड, सी२ म्हणजे १ न्यूटन. ही सी२ची पकड म्हणजे नखाएवढ्या, एका चौरस सेंटिमीटर जागेने पाण्याची भरलेली कळशी पेलण्यासारखं. एस१ ही खूण लवचीकपणाची, आणि गच्चीसाठी मी तीच आधी शोधेन. मेमध्ये जिथे पाय ठेववत नाही, तिथे जूनची पहिली सर पडते. तो झटका कडक थराला सोसत नाही.

आता तो बॉम्ब. नवा स्लॅब नि कोबा वर्षानुवर्षं सुकत आकसतात, मीटरमागे अर्धा मिलिमीटरपर्यंत. टाइल आकसत नाही, उलट उन्हाळ्यात किंचित फुगते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च बसवलेल्या टाइल्सना सरकायला जागाच नसते. दोन फुटी दोन टाइल्सना दोन्ही बाजूंनी मिळून फक्त १ मिलिमीटर दाबलं, तर मधला सांधा जवळपास २४ मिलिमीटर वर उचलला जातो. कागदावर त्रिकोण काढून बघा. मलाही आधी पटलं नव्हतं.

काळ्या कपाशीच्या जमिनीवर जोत्याखालचा भरावच हलत असेल तर मात्र कुठलीही गोणी कामाची नाही. तिथे आधी मुरूम, मग फरशी.

आम्ही हॉल पुन्हा केला तो पहाटे साडेपाचला सुरुवात करून. पसरलेला माल किती वेळ ताजा राहतो त्याची २० किंवा ३० मिनिटं प्रयोगशाळेतल्या २३ अंशांत मोजलेली असतात. आपल्याकडे ४४ अंशांत त्यावर साय धरायला फार वेळ लागत नाही, आणि उष्णतेत सेल्युलोज ईथरचीही पाणी धरण्याची ताकद कमी होते. मिस्त्रीने २० किलोला पाच लिटरच्या हिशोबाने माल कालवला आणि खापराच्या पुरणपोळीची कणीक मुरू देतात तसा दहा मिनिटं मुरू दिला. मग पुन्हा ढवळला, वरून पाणी घातलं नाही. टाइल्स बादलीत भिजत घालायची त्याची जुनी सवय मात्र मोडावी लागली. व्हिट्रिफाइडला भिजवून काही मिळत नाही, पाठीवरचं पाणी पकड तेवढी कमी करतं.

दातेरी थापीने त्याने सरळ रेघा ओढल्या. गोल नाही, कारण गोलाकारात हवा कोंडते. बोट टेकवलं, माल बोटाला लागला. टाइल दाबली, रबरी हातोडीने ठोकली आणि माझ्या आग्रहाखातर पुन्हा उचलली. पाठ कडेपासून कडेपर्यंत करडी झाली होती.

भिंतीलगत मात्र आठ मिलिमीटरची फट सोडायला तो तयार होईना. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते हे पटल्यावर त्याने सोडली. संध्याकाळी जाऊन पाहतो तर त्याचा पोरगा त्याच फटीत सिमेंट भरत बसला होता.