पायांचा बधिरपणा साखरेचा की गोळीचा?

तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मधुमेह जुना असेल तर रुग्ण आणि घरचे एकच निदान करतात: साखरेने नसा खराब झाल्या. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण हुबेहूब हीच तक्रार बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होते, आणि ते कमी पडण्यामागे कधीकधी मधुमेहाचीच गोळी असते. तिचं नाव मेटफॉर्मिन.

अन्नातलं बी-१२ जठरातल्या आम्लामुळे मोकळं होतं. मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं बोट धरून ते लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागात पोहोचतं आणि तिथे कॅल्शियमच्या मदतीने शोषलं जातं. मेटफॉर्मिन अडथळा आणतं ते बहुधा याच शेवटच्या पायरीवर. शरीराची रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम आणि यकृतातला साठा काही मिलिग्रॅमचा, म्हणजे वर्षानुवर्षं पुरणारा. त्यामुळे तूट जाणवू लागते तोवर गोळी इतकी सवयीची झालेली असते की तिच्यावर संशय जातच नाही. नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. साधारण सव्वाचार वर्षांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, १९ टक्क्यांनी घटलं होतं. शाकाहारी, वयस्कर आणि रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या मंडळींनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

म्हणून मेटफॉर्मिन सोडायचं का? मुळीच नाही, ते उत्तम औषध आहे. डॉक्टरांना फक्त विचारा, ‘माझं बी-१२ शेवटचं कधी तपासलं?’ आणि तपासणीआधीच मनाने मल्टिव्हिटॅमिन सुरू करू नका. त्यातल्या फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ कमी पडल्याने होणारा रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांची झीज आतून चालूच राहते. ती फार लांबली तर नंतर बी-१२ देऊनही पूर्ण भरून येत नाही.

हृदयाच्या बाबतीत कथा उलटी आहे. तिथे कमतरता नसतानाही गोळ्या दिल्या गेल्या. ई जीवनसत्त्व प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण रोखतं, तेव्हा ते धमन्याही वाचवेल, असा तर्क होता. ‘होप’ या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या, पंचावन्नच्या पुढच्या साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं गेलं. साडेचार वर्षांनी, २००० साली, निकाल आला: हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पुढच्या पाठपुराव्यात, २००५ मध्ये, हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण ई घेणाऱ्यांत उलट थोडं जास्त आढळलं. होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल; ते वाढलेलं असलं की हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसतो. ते उतरवण्यासाठी दिलेल्या बी गटातल्या जीवनसत्त्वांनी तर याहून मोठा धडा दिला. कॅनडात मधुमेहामुळे मूत्रपिंडं बिघडलेल्या २३८ रुग्णांवर ती मोठ्या मात्रेत वापरली गेली. होमोसिस्टीन उतरलं, पण मूत्रपिंडांचं काम अधिक वेगाने ढासळलं. अहवालातला आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं यांतलं अंतर मला इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

पोटॅशियमचं सांगायलाच हवं. रक्तदाबाच्या काही औषधांनी ते शरीरात साठतं. त्यावर पोटॅशियमची गोळी किंवा पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचं’ मीठ घेतलं, तर हृदयाची लय बिघडू शकते.

आणि ज्याची कुणाला शंकाही येत नाही, ते बायोटिन, बी गटातलंच एक जीवनसत्त्व. केसांसाठी, नखांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते गरजेच्या कितीतरी पट असतं. छातीत दुखतं म्हणून रुग्ण दवाखान्यात पोहोचतो, झटका आला का ते पाहायला ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, तपासतात. यातल्या काही तपासण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की ट्रोपोनिन खोटंच कमी दिसतं आणि झटका निसटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. तेव्हा तपासणीच्या वेळी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं, की केसांची गोळीही सांगा.