निळा पंप मारला, बरं वाटलं, पण सूज तशीच राहिली

"माझा दमा तसा माइल्डच आहे हो, लागला तर निळा पंप मारायचा की झालं" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच बसलो, कारण यातल्या "लागला तर" मध्येच सगळा धोका आहे. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा एक राष्ट्रीय आढावा २०१४ साली आला. त्यातल्या ज्यांच्या दम्याची तीव्रता ठरवता आली, त्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांवर सौम्य किंवा मध्यम दमा म्हणूनच उपचार चालू होते. आणि ज्यांच्या रिलीव्हर पंपांची (म्हणजे त्रास झाला की मारायचे, या निळ्यासारखे पंप) नोंद मिळाली त्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. एका पंपात २०० पफ, म्हणजे रोजचे सहा-सात तरी झाले!

दम्यात दोन गोष्टी एकदम चालू असतात. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, ते आपल्याला लगेच कळतं, धाप लागते, घरघर होते. दुसरी म्हणजे नलिकेच्या आतल्या अस्तराची सूज आणि चिकट कफ, आणि ही सूज आपण मजेत जिने चढत असतो तेव्हाही असू शकते. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत स्नायू सैल करतं, चार-सहा तास आराम देतं, सुजेला मात्र हात लावत नाही.

आता खरी गंमत गणितात आहे. १८४० च्या सुमारास प्वाझ्ये या फ्रेंच डॉक्टरने बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम शोधला, त्यात रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा निरोगी नलिकेची त्रिज्या २ मिमी आहे, स्नायू आवळून ती दीड झाली तर रोध साधारण ३ पट, चालून जातं. पण सुजेने ती आधीच दीड झाली असेल तर तेवढंच आवळल्यावर उरते १ मिमी, रोध १६ पट! त्यात अर्धा मिमी कफ साचला की २५६ पट. खऱ्या फुफ्फुसात हवा इतकी शिस्तीत वाहत नाही त्यामुळे आकडे तंतोतंत असे येणार नाहीत, पण कल हाच. "काल तर ठणठणीत होता, रात्रीतून कसं झालं" याचं बरंचसं उत्तर या चौथ्या घातात आहे.

शिवाय साल्ब्युटामॉल स्नायूच्या पेशीवरच्या बीटा-२ रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या जागेला) चिकटतं, आणि औषध सारखं सारखं वापरलं की पेशी हे रिसेप्टर आत ओढून घेते, मग तोच पफ कमी काम करतो. इनहेल्ड स्टेरॉइड, म्हणजे पंपातून ओढायचं सूज उतरवणारं औषध, पेशीच्या केंद्रकापर्यंत परिणाम करतं, सूज वाढवणारी जनुकं दाबतं आणि नवे बीटा-२ रिसेप्टर बनवायलाही लावतं. म्हणूनच 'गिना' या जागतिक दमा संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की १२ वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या रिलीव्हरवर ठेवू नका, सोबत स्टेरॉइड हवंच.

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात, पंपाची सवय लागते म्हणतात. अहो, अटॅकमध्ये पोटात घ्यायची गोळी दिवसाला साधारण ४०-५० मिलिग्रॅम असते आणि पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट फुफ्फुसात. (नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.) हा स्टेरॉइडचा पंप बंद करून मृग नक्षत्राला हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणारे आहेत, त्यांचं मला खरंच फार वाईट वाटतं, कारण माशाने सूज उतरते याला काहीही पुरावा नाही आणि पंप सुटल्यावर ती गुपचूप वाढत जाते.

गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला किंवा निळा पंप लागला, रात्री दम्याने एकदा जरी जाग आली, किंवा दम्यामुळे एखादं काम टाळलं, तर दमा पूर्ण कंट्रोलमध्ये नाही, डॉक्टरांकडे जा आणि पंप कसा ओढता तेही त्यांच्यासमोर करून दाखवा. आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप मारूनही धाप कमी होत नसेल तर घरी वाफ घेत बसू नका, १०८ ला फोन करा, पंप जवळच ठेवा.