फायबर ऑप्टिक माशी

शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, नळीच्या तोंडाशी नेम धरण्यासाठी जो बारीक मणी बसवलेला असतो त्याला माशी म्हणतात. पितळी मण्याच्या जागी रंगीत, चमकदार प्लास्टिकचा तंतू बसवला की ती फायबर ऑप्टिक माशी होते. हा तंतू बहुधा पॉलिस्टायरीनचा असून त्यात प्रतिदीप्त रंग मिसळलेला असतो. बाजूने पडणारा उजेड हा रंग शोषून घेतो व पुन्हा बाहेर टाकतो. त्यातला काही भाग आंतरिक परावर्तनामुळे तंतूतच अडकतो आणि दोन्ही टोकांना बाहेर पडतो, म्हणून टोकाचा ठिपका झगझगीत दिसतो. तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचे काम हॅरोल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. बंदुकीवर प्रतिमेची गरज नसते, ठिपका पुरतो. त्याला बॅटरी लागत नाही, पण भोवताली उजेड लागतोच. काळोखात स्वतःहून उजळणारी ट्रिटियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) माशी वेगळी.

खानदेशात या माशीचा विचार होतो तो पिकाच्या राखणीसाठी. रावेर-यावलच्या केळीबागा, चोपडा-शिरपूरकडचा सातपुड्याचा पायथा, तापीकाठचा मका आणि ज्वारी यांत रानडुकरे व रोही (नीलगाय) शिरतात आणि एका रात्रीत हंगामाची कमाई आडवी करून जातात. शिकारीची हौस इथे जुनी आहे. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही ओळखला जाई. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती नसेल तर बंदुकीचा परवाना असूनही बार काढता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

माशी बदलली की नेम सुधारतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. साध्या शॉटगनला पुढे एक माशी असते आणि मागची साइट म्हणजे नेमबाजाचा डोळाच. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर, गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला नाही तर मागची साइटच हलली, मग पुढचा ठिपका कितीही तेजस्वी असो. म्हणून जुळवणी दस्त्यापासून सुरू करावी. रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि डोळे उघडून पाहावे. नळीवरच्या लांब पट्टीचा वरचा भाग जेमतेम दिसावा आणि ठिपका मधोमध असावा. पट्टीचा फार मोठा भाग दिसला तर डोळा उंच आहे आणि मार वर जाईल. ठिपका दिसलाच नाही तर डोळा खाली आहे. दस्त्याची लांबी हिवाळ्यातल्या जाड कपड्यांवर वेगळी आणि उन्हाळ्यात सदऱ्यावर वेगळी वाटते, तेही ध्यानात घ्यावे.

खरी परीक्षा कागदावर होते आणि ती अधिकृत शूटिंग रेंजवरच घ्यावी. सुमारे १५ मीटरवर मोठा कागद ताणून, मध्ये काळा ठिपका काढून, टेकू घेऊन त्याच काडतुसाचे काही बार काढावेत. छर्ऱ्यांच्या घोळक्याचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला ते मोजावे. एकाच बारावरून निष्कर्ष काढू नये. डोळ्यापासून माशीपर्यंत ९० सेंमी अंतर धरले तर १५ मीटरवर १ सेंमी सरकवण्यासाठी डोळ्याच्या जागी सुमारे ०.६ मिमी फरक पुरतो. मार १० सेंमी खाली जात असेल तर दस्त्याचा गालाचा भाग ६ मिमी उंच करावा लागेल. मागे खाच असलेल्या दोन साइटच्या बंदुकीत मागची साइट मार न्यायचा असेल त्या दिशेला सरकवतात आणि पुढची उलट दिशेला. साइटमधले अंतर ६० सेंमी असेल आणि ४० मीटरवर २० सेंमी चूक असेल, तर साइट ३ मिमी सरकवावी लागेल. यानंतर छर्ऱ्यांचा पसारा पाहावा. फुल चोकमधून (नळीचे तोंड सर्वांत जास्त आवळलेले असताना) ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात ७० टक्क्यांच्या आसपास छर्रे पडावेत अशी जुनी अपेक्षा आहे. न आवळलेल्या सिलिंडर नळीत ते सुमारे ४० टक्के असतात. काडतूस बदलले की मारही बदलतो.

पुढे एक आणि मागे दोन अशा तीन ठिपक्यांच्या जोडणीत नेम धरताना पुढचा लाल ठिपका मागच्या दोन हिरव्यांच्या बरोबर मधे आणि त्याच उंचीला आणतात. हिरवा रंग डोळ्याला विशेष सहज दिसतो, कारण दिवसाच्या उजेडात दृष्टी सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असते. सरावासाठी हवेत उडवलेल्या मातीच्या चकतीवर मात्र नजर चकतीवरच राहावी. झगझगीत ठिपका लक्ष ओढून घेतो, नजर माशीवर येते आणि बंदूक थबकते. दोन्ही डोळे उघडे ठेवणे बरे, पण उजव्या खांद्याच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर ठिपका भलतीकडेच दिसतो. हे आधी तपासून घ्यावे.

धातूच्या मण्यावर एका बाजूने ऊन पडले की ती चकाकणारी बाजूच मध्य वाटते आणि मार उन्हाच्या उलट बाजूला जातो. तंतूचा ठिपका टोकाकडून सारखा उजळतो, त्यामुळे ही फसगत कमी होते. त्याचा हा गुण मोठा आहे. उलट भर दुपारी हाच ठिपका निशाण झाकून टाकतो. केळीच्या पानांखाली, दिवेलागणीला उजेड ओसरला की तंतूचे तेजही ओसरते.

यातला धोका ओळखला पाहिजे. ठिपका नळी कुठे रोखली आहे ते सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. रात्री वीज येते म्हणून शेतकरी रात्री पाणी भरतात आणि बांधावर माणूस वावरत असतो. एस.जी. या जाड छर्ऱ्याच्या मापाचा सुमारे ८.४ मिमीचा छर्रा ६०० मीटरपलीकडेही जाऊ शकतो. टॉर्चच्या उजेडात प्राणी आणि त्याच्या मागची जमीन दोन्ही स्पष्ट दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवूच नये.

देखभाल थोडी आहे. नळी साफ करायचे द्रावण तंतूवर पडले तर पॉलिस्टायरीनला बारीक तडे जातात, म्हणून आधी माशी फडक्याने झाकावी. दीर्घकाळ उन्हात राहिल्याने रंग फिका होतो. बदलता येणारा तंतू तुटल्यास त्याच जाडीचा नवा घेतात, एक टोक लायटरच्या आचेजवळ नेऊन फुगवतात, साच्यात ओवतात, जादा कापतात आणि दुसरे टोकही तसेच फुगवून घट्ट करतात. आच क्षणभरच लागते, नाहीतर टोक काळे पडते आणि ठिपका मंद होतो.